दाराची मूठ

रात्रीची वेळ आहे. घर दुसऱ्याच कुणाचे आहे. मालक कधीच निघून गेले आहेत, आणि खिडक्यांना आतून ब्लँकेटे ठोकून एक बाप आणि त्याचा शाळकरी मुलगा तिथे लपून राहिले आहेत. बाहेर एका मोटारीचा अलार्म वाजू लागतो, त्या आवाजाने मेलेली माणसे रस्त्यावर गोळा होतात, आणि त्या घोळक्यात मुलाला आपली आई दिसते. तो अंथरुणावर पडून तोंड दाबून रडतो. आई अनवाणी आहे, अंगावर झोपताना घालायचा झगा आहे. ती पायऱ्या चढून दारापाशी येते, दाराच्या भिंगाला डोळा लावून आत बघितल्यासारखे करते, आणि मग दाराची मूठ सावकाश फिरू लागते.

‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या सीझनच्या पहिल्याच भागात हे दृश्य आहे, आणि माझ्या मते त्या सबंध सीझनचा जीव त्या फिरणाऱ्या मुठीत आहे. एएमसी वाहिनीवर ३१ ऑक्टोबर २०१० रोजी हा भाग दाखवला गेला. रॉबर्ट कर्कमन यांची २००३ पासून निघू लागलेली कृष्णधवल चित्रकथा हा मालिकेचा आधार होता. ती पडद्यावर आणली फ्रँक डॅराबाँट यांनी, आणि पहिल्या भागाचे लेखन व दिग्दर्शनही त्यांनीच केले. सीझन अवघा सहा भागांचा होता आणि ५ डिसेंबरला तो संपलाही. पुढे मालिकेचे अकरा सीझन झाले, तिला फांद्याही फुटल्या. पण मला इथे त्या पहिल्या सहा भागांविषयीच लिहायचे आहे, कारण पुढच्या पसाऱ्यात विरत गेलेली एक गोष्ट तिथे अजून ठसठशीत दिसते. मेलेला माणूस आधी माणूस होता, याची जाणीव या सहा भागांना आहे. जिथे ती टिकली आहे तिथे हा सीझन फार मोठ्या उंचीवर जातो, आणि जिथे ती सुटली आहे तिथे तो इतर कोणत्याही थरारक मालिकेसारखा होतो.

हे मला पहिल्या वेळी कळले नव्हते. २०११ मध्ये आम्ही कळव्याला राहत होतो, आणि धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर, बाबा झोपल्यावर, आवाज अगदी बारीक ठेवून आम्ही दोघांनी हे सहा भाग तीन रात्रींत संपवले. तेव्हा माझे माप साधे होते. किती वेळा दचकलो, कुठे कंटाळलो, कोणता प्रसंग पटला नाही. जॉर्जिया राज्यातल्या एका लहान गावचा पोलीस अधिकारी रिक ग्राइम्स गोळी लागून बेशुद्ध पडतो आणि इस्पितळात एकटाच जागा होतो. उशाजवळची फुले वाळली आहेत, घड्याळ बंद पडले आहे. अंगावर इस्पितळाचा गाऊन, पाय अनवाणी, अशा अवस्थेत तो बाहेर येतो आणि पांढऱ्या चादरीत गुंडाळलेल्या प्रेतांच्या रांगांमधून चालत जातो. त्या रांगा मी तेव्हा नेपथ्य म्हणून पाहिल्या. भाऊ म्हणाला होता, ‘ताई, सेट काय लावलाय बघ!’ आणि मी मान डोलावली होती.

एप्रिल २०२१ मध्ये बाबा गेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ठाण्यात ज्या घरांवर ती वेळ आली, त्यांना पुढचे सांगायला नको. इस्पितळात नेताना ते स्वतःच्या पायांनी रुग्णवाहिकेत चढले होते. त्यानंतर आम्हाला दिसली ती एक चेन लावलेली पिशवी, तिच्यावर चिकटवलेला २३ हा आकडा आणि स्केचपेनने लिहिलेले आमचे आडनाव. स्मशानात भावाला एकट्यालाच आत जाता आले, तेही पांढरा कोट, टोपी, हातमोजे घालून. मी फाटकाबाहेर उभी होते. रांगेत आणखी सहा गाड्या होत्या. परत येताना मिळालेली, बाबांचा चष्मा, फोन आणि पाकीट असलेली प्लॅस्टिकची पिशवी आम्ही दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवली, आणि मग आईने ती न उघडताच कपाटात टाकली.

यंदाच्या मे महिन्यात भावाची मुलगी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि पंधरा दिवस माझ्याकडे माजिवड्याला राहायला आली. तिला काहीतरी ‘खरंच भीती वाटेल असं’ बघायचे होते. मी हा सीझन सुचवला, आणि मनात थोडी धाकधूक ठेवूनच तिच्याशेजारी बसले. आजोबा गेले तेव्हा ती आठवीत होती, आणि त्या दिवसांविषयी ती घरात कधी फारसे बोललेली नाही.

मूठ फिरते त्या क्षणी तिने मालिका थांबवली. म्हणाली, ‘आत्या, तिला घर आठवतंय का?’ मी म्हटले, ‘तसं सांगितलं नाहीये.’ थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘मग तिची काहीतरी इच्छा राहिली असणार.’

ती हे सहज बोलून गेली, पण मला त्या दृश्याची किल्ली तिथे सापडली. पाश्चात्त्य झॉम्बी आणि आपल्याकडचे भूत यांत मोठा फरक आहे. आपल्या भुताला काहीतरी हवे असते. मुंजा असो, हडळ असो, नाहीतर वाड्यातली जखीण असो, प्रत्येकाच्या मागे एक अपुरी राहिलेली गोष्ट असते आणि ती पुरी केली की जीव सुटतो. झॉम्बीला भुकेशिवाय काही नसते. म्हणूनच त्याला मारताना प्रेक्षकाला काही वाटू नये अशी सोय असते. डॅराबाँट यांनी पहिल्याच भागात ती सोय काढून घेतली. दारात आलेली बाई आपल्या भुतांच्या जातीची आहे. तिला आत यायचे आहे, आणि आत तिचा मुलगा आहे. ती भुकेने आली की ओढीने आली, हे त्या भागात कुणीही सांगत नाही.

दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली असे आपण मानतो. बाबांचे दहावे इमारतीच्या गच्चीवर झाले. गुरुजी फोनच्या पडद्यावर होते आणि भाऊ एकटाच पिंडासमोर बसला होता. कावळे टाकीवर येऊन बसत होते, पण खाली उतरत नव्हते. आईला सांभाळू, नातीचे शिक्षण करू, असे सगळे शब्द देऊन झाले. शेवटी आईने फोनवरूनच सांगितले, ‘लायब्ररीचं पुस्तक राहिलंय म्हणावं, ते परत करतो.’ बाबा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे चाळीस वर्षांचे सभासद होते, आणि टाळेबंदीच्या आधी आणलेले एक पुस्तक त्यांच्या उशाशी तसेच पडले होते. भावाने तसे म्हटले आणि कावळा उतरला. यामागे काय होते याचा वाद मला घालायचा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की गेलेल्या माणसाला काहीतरी हवे असेल, ही कल्पना जिवंत माणसाला सोडवत नाही, आणि हा पहिला भाग त्या न सोडवण्यावर उभा आहे.

दारात आलेल्या त्या बाईचा नवरा मॉर्गन. लेनी जेम्स या ब्रिटिश नटाने तो असा उभा केला आहे की पुढच्या पाच भागांत त्याची उणीव जाणवत राहते. रिक घरी जातो तेव्हा बायको-मुलगा नसतात, पण भिंतीवरचे फोटो आणि अल्बमही नसतात. त्यावरून ती दोघे जिवंत निघून गेली असावीत असे तो ओळखतो. हे ऐकून मॉर्गन हसतो आणि हसता हसता रडतो, कारण आपण जगण्याचे सामान बांधत होतो तेव्हा आपली बायकोही अल्बमच गोळा करत होती, हे त्याला आठवते. पुढे तो माडीवर बंदूक घेऊन बसतो. शेजारी तिचा फोटो लावतो. आधी दुसऱ्यांना गोळ्या घालतो, त्या आवाजाने ती येते, बंदुकीच्या दुर्बिणीत तिचा चेहरा नीट दिसतो, ती त्याच्याकडे वर बघते, आणि त्याच्याने चाप ओढवत नाही. त्याच वेळी तिकडे रिक एका मैदानात एका बाईला शोधत परत आलेला असतो. कमरेखाली काही उरलेले नाही अशी ती बाई हातांवर गवतातून सरपटत असते. आदल्या दिवशी तिच्याजवळची सायकल घेऊन तो पळाला होता. तो तिच्यापाशी गुडघ्यावर बसतो, तुझ्यावर ही वेळ आली याचे वाईट वाटते असे तिला सांगतो, आणि मग गोळी घालतो. अनोळखी बाईला सोडवणे रिकला जमते आणि स्वतःच्या बायकोला सोडवणे मॉर्गनला जमत नाही. ही दोन दृश्ये आलटून पालटून दाखवली आहेत, आणि दोघांपैकी कुणाचे बरोबर हे दिग्दर्शकाने ठरवलेले नाही. अख्ख्या सीझनमध्ये याच्या तोडीचे दुसरे काही नाही, असे मी चौदा वर्षांनी अधिक खात्रीने म्हणते.

या भागाची घडणही त्या जाणिवेला धरून आहे. मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केली होती, त्यामुळे चित्राला एक भरड, दाणेदार पोत आला आहे, आणि तो जॉर्जियातल्या उन्हाळ्याला शोभतो. बेअर मॅक्रीअरी यांचे संगीत बराच वेळ गप्प बसते. ऐकू येते ती किड्यांची किरकिर, माश्या, पावलांचा आवाज. ग्रेग निकोटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या रंगभूषेला २०११ मध्ये एमी पुरस्कार मिळाला, तो याच भागासाठी. पण मला जखमांपेक्षा कपडे अधिक लक्षात राहिले. प्रत्येक प्रेताच्या अंगावर त्याच्या शेवटच्या दिवसाचा पेहराव आहे. अगदी सुरुवातीला पेट्रोल पंपावर एक लहान मुलगी दिसते, घरातला गाऊन आणि सपाता घातलेली. ती पाठमोरी आहे. चालता चालता ती वाकते आणि खाली पडलेला टेडी उचलते. मग वळते. पुढे काय होते ते सांगत नाही, पण तिने खेळणे उचलले हे महत्त्वाचे. दाराच्या मुठीची ती पहिली सूचना होती, आणि ती माझ्या भाचीने ओळखली, मी नाही.

रिक घोड्यावरून अटलांटा शहरात शिरतो ते दृश्य मालिकेच्या जाहिरातींतून जगभर गेले. रस्त्याची शहराबाहेर जाणारी बाजू सोडून दिलेल्या गाड्यांनी गच्च भरलेली, आणि आत जाणाऱ्या मोकळ्या बाजूवर एकच घोडेस्वार. ठाण्यात राहणाऱ्याला या चित्राची भाषा समजवावी लागत नाही. रोज सकाळी पूर्व द्रुतगती महामार्गावर तीन हात नाक्याकडे जाणारी बाजू तुंबलेली असते, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये माजिवड्याच्या पुलावरून मी त्याच महामार्गाच्या दोन्ही बाजू रिकाम्या पाहिल्या आहेत. भयाण वाटते ते रिकामेपण नाही. सगळे एकाच दिशेला पळाले आणि तिथेच संपले, हे त्या एका चौकटीत दिसते, म्हणून ती चौकट भयाण आहे.

दुसऱ्या भागात सीझन पहिल्यांदा डगमगतो. अटलांटातल्या एका दुकानात अडकलेल्या माणसांमध्ये मर्ल नावाचा एक वंशद्वेष्टा आहे, आणि तो इतका ठळक रंगात रंगवला आहे की त्याच्याविषयी विचार करायला काही उरतच नाही. त्याला गच्चीवर बेडी घालून अडकवणे, मग त्यांच्यातल्याच टी-डॉगच्या हातून किल्ली निसटून नळीत पडणे, हे सगळे पुढच्या कथानकाची सोय म्हणून घडते. टी-डॉगच्या वाट्याला तर किल्ली पाडणे आणि त्याबद्दल पस्तावणे यापलीकडे फारसे काही आलेले नाही. मर्ल आणि त्याचा भाऊ डॅरिल मूळ चित्रकथेत नाहीत. डॅरिल पुढे मालिकेचा लाडका झाला, पण मर्लची ओळख पहिल्या सीझनमध्ये तरी व्यंगचित्रापलीकडे जात नाही.

आणि तरीही याच भागात वेन डनलप आहे. दुकानातून बाहेर पडायचे तर मेलेल्यांचा वास अंगाला लावून त्यांच्यातून चालत जायचे, असे ठरते. त्यासाठी एक प्रेत आत ओढून आणतात. रिक कुऱ्हाड उचलतो आणि खाली ठेवतो. प्रेताच्या खिशातून पाकीट काढतो आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. नाव वेन डनलप, जॉर्जियाचे लायसन्स, जन्म १९७९ चा. खिशात अठ्ठावीस डॉलर आणि एका मुलीचा फोटो. हा माणूस आपल्यासारखाच होता, वेळ आली तर मी याची गोष्ट माझ्या घरच्यांना सांगेन, असे तो म्हणतो. लायसन्सकडे बघून त्यांच्यातला ग्लेन सांगतो की याने अवयवदानाची नोंद केलेली होती, आणि मग रिक कुऱ्हाड चालवतो. पुढचे दृश्य किळसवाणे आहे, आणि ते तसेच असायला हवे. पण त्याआधी मिनिटभर थांबून नाव घेतल्यामुळे त्या किळसेत एक कृतज्ञता मिसळते. ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मानते. तिथे मालिका थांबवून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. त्या पिशवीवरचा २३ डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तिसरा भाग भेटीगाठींचा आहे. रिकला बायको लोरी आणि मुलगा कार्ल सापडतात, आणि दरम्यान लोरीचे रिकच्या जिवलग मित्राशी, शेनशी, संबंध आलेले असतात. जॉन बर्नथल यांनी शेनच्या डोळ्यांत जे काही दाखवले आहे ते संवादांपेक्षा जास्त आहे, पण लोरीला मात्र लेखकांनी न्याय दिलेला नाही. ज्याचा मृत्यू झाला असे तिला त्याच मित्राने सांगितले, त्या नवऱ्यामागे आधार शोधणाऱ्या बाईला मालिका अपराधी ठरवते, आणि शेनवरचा राग तिच्या वाट्याचा करून टाकते. बायका खाणीच्या तळ्यावर कपडे धूत बसल्या आहेत आणि कामाची ही वाटणी कुणी केली असे त्या एकमेकींना विचारतात, हा प्रसंग चांगला सुरू होतो. पण कॅरलचा मारकुटा नवरा मध्ये येतो, शेन त्याला बेदम मारतो, आणि प्रश्न बायकांच्या हातातून निघून पुरुषांच्या मारामारीत जातो. सीझनवर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

चौथा भाग स्वतः कर्कमन यांनी लिहिला. एक गुंडांची टोळी शस्त्रांसाठी उभी ठाकते, आणि आत गेल्यावर कळते की ती मुले एका वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना सांभाळत आहेत. कर्मचारी पळाले, उरले ते तिथला सफाई कामगार आणि एक परिचारक. ही कलाटणी जरा गोड आहे, आणि आजीबाई मध्येच चालत येऊन बंदुका खाली ठेवायला लावतात हे तर फारच सोपे आहे. पण माझे मन त्याला नावे ठेवायला धजावत नाही. टाळेबंदीत आमच्या इमारतीतल्या ज्या चार घरांत म्हातारी माणसे एकटी होती, त्यांची औषधे आणि दूध ज्यांनी दारात पोहोचवले, त्या मुलांना आम्ही एरवी जिन्यात बसून गोंधळ घालणारी मुले म्हणून ओळखत होतो.

त्याच भागाच्या शेवटी तळावर हल्ला होतो आणि अँड्रियाची धाकटी बहीण एमी मरते. तिथून सुरू होणारा पाचवा भाग पहिल्याच्या खालोखाल माझ्या जवळचा आहे. अँड्रिया रात्रभर बहिणीजवळ बसून राहते. तिला हात लावू देत नाही. एमी उठणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, अँड्रियालाही. पुरुष अस्वस्थ होऊन दुरून बघत आहेत, डॅरिल लांबूनच गोळी घालूया म्हणतो. अँड्रिया दुकानातून वाढदिवसासाठी घेऊन ठेवलेली साखळी तिच्या गळ्यात घालते. सकाळी एमीचे डोळे उघडतात, ते आता तिचे नाहीत, हात वर येतो आणि बहिणीच्या केसांत शिरतो. अँड्रिया तिला जवळ धरून ठेवते, इतक्या वर्षांत तुझ्या वाढदिवसाला आले नाही याची माफी मागते, आणि मगच पिस्तूल उचलते. अर्नेस्ट डिकरसन यांचे दिग्दर्शन इथे घाई करत नाही. भाची माझ्या खांद्यावर डोके ठेवून बघत होती आणि तिचा खांदा हलत होता. मी काही बोलले नाही. तिला आजोबांजवळ बसता आले नव्हते. आम्हा कुणालाच आले नव्हते. अँड्रियाला मिळालेली ती एक रात्र, ती कितीही भयंकर असली तरी, तिला मिळाली याचा मला त्या क्षणी हेवा वाटला.

त्याच सकाळी तळावर प्रेतांची विल्हेवाट चालू आहे. वॉकरांना, म्हणजे हल्ला करून आलेल्या चालत्या प्रेतांना, जाळायचे ठरले आहे, आणि आपल्यातल्या एकाला कुणी त्याच आगीकडे ओढत नेऊ लागते तेव्हा एरवी शांत असणारा ग्लेन ओरडतो, आपली माणसे जाळायची नाहीत, आपली माणसे पुरायची. स्टीव्हन यूनचा आवाज तिथे फाटतो. मराठी हिंदू घरात वाढलेल्या प्रेक्षकाला हा प्रसंग उलटा वाचावा लागतो. आपल्याकडे अग्नी देणे हा सन्मान आहे, तो कुणी द्यायचा याची परंपरा आहे, आणि बेवारस माणसालाही निदान अग्नी मिळावा असे आपण म्हणतो. तिथे आग ही कचऱ्यासाठी आहे आणि माती आपल्या माणसांसाठी. मला आधी ते टोचले, आणि मग कळले की ग्लेनचे भांडण आगीशी नव्हतेच. परक्यांचा ढीग आणि आपली रांग या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या पाहिजेत, एवढेच तो मागत होता. त्या एप्रिलमध्ये स्मशानाच्या फाटकावर माझ्या भावाने आतल्या माणसाला तीनदा विचारले होते, ‘हेच आहेत ना? नक्की हेच?’ त्या माणसाने तीनही वेळा न चिडता आडनाव वाचून दाखवले होते. त्याचे नाव आम्हाला आजही माहीत नाही.

शेवटच्या भागाविषयी माझे मत आजही दुभंगलेले आहे. सगळे अटलांटातल्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्रात पोहोचतात आणि तिथे जेनर नावाचा एकच शास्त्रज्ञ उरलेला आहे. मूळ चित्रकथेत हा प्रकार नाही. भागाचे नाव ‘टीएस-१९’, म्हणजे चाचणीसाठी घेतलेली एकोणिसावी व्यक्ती. जेनर मोठ्या पडद्यावर तिच्या मेंदूचे चित्रण दाखवतो. प्रकाशाच्या रेषा विझत जातात, अंधार होतो, आणि काही वेळाने मेंदूच्या तळाशी, फक्त मेंदूच्या देठात, मंद लाल उजेड पेटतो. मृत्यूनंतर हे व्हायला कमीत कमी तीन मिनिटे आणि जास्तीत जास्त आठ तास लागल्याची नोंद आहे, आणि टीएस-१९ च्या बाबतीत लागले दोन तास, एक मिनिट आणि सात सेकंद, असे तो सांगतो. वरचा भाग, ज्यात माणूस असतो, तो परत येत नाही. मग पडद्यावर डोक्यातून आरपार जाणारी एक रेषा दिसते. ती गोळी आहे.

हे दृश्य थंड आहे आणि परिणामकारकही आहे. पण त्याने एक किंमत वसूल केली. पहिल्या भागात उघडा ठेवलेला प्रश्न इथे बंद झाला. आईला घर आठवत होते का, मुलीला टेडी हवा होता का, याचे उत्तर यंत्राने देऊन टाकले की नाही, तिथे कुणी नव्हते. पुढच्या सीझनांत मेलेले दाराची मूठ फिरवताना फारसे दिसत नाहीत, ते नुसते चालतात आणि चावतात. मला वाटते त्याची सुरुवात या खोलीत झाली. त्यानंतर इमारत आपोआप उडणार म्हणून भिंतीवरचे घड्याळ उलटे मोजू लागते, दारे बंद होतात, कॅरलला धुवायच्या कपड्यांत सापडलेला हातबाँब बरोबर त्या क्षणी निघतो आणि काच फुटते. सहा भाग माणसांच्या गतीने चाललेली गोष्ट घड्याळाच्या गतीने संपते. गटातली जॅकी तिथेच राहण्याचा निर्णय घेते, आणि तिच्या त्या निर्णयाला दोन मिनिटे देण्याइतकीही उसंत मालिकेला राहत नाही.

आणि तरीही टीएस-१९ ही जेनरची बायको होती. ती त्याच्यापेक्षा मोठी शास्त्रज्ञ होती, आणि मरताना तिने स्वतःला चाचणीसाठी देऊ केले होते. तिला आकडा लावला तो तिच्या नवऱ्याने. आकड्यामागचा माणूस कळायला अर्धा भाग जावा लागतो, आणि कळल्यावर मागचे सगळे चित्रण वेगळे दिसू लागते. दोन तास, एक मिनिट, सात सेकंद हे त्याने बायकोच्या उशाशी बसून मोजलेले होते. लेखकांनी इथे थांबायला हवे होते. वेन डनलपसाठी ते थांबले होते. माझ्या लेखी हा सीझन दोन भागांनी अमर आहे, एका भागात घसरतो, आणि शेवटी आपलीच सर्वांत चांगली गोष्ट हातात घेऊन घाईने निघून जातो. तरी कुणी मला विचारले तर मी हे सहा भाग बघाच म्हणेन, आणि एका दमात बघू नका असेही सांगेन.

सहावा भाग संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. भाचीने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, ‘आत्या, आजोबांचं पाकीट तुझ्याकडेच आहे ना?’ आई गेल्या वर्षी भावाकडे राहायला गेली तेव्हा तिचे कपाट माझ्याकडे आले होते, आणि ती पिशवीही तशीच आली होती. मी ती काढून दिली. गाठ कात्रीने कापावी लागली. पाकिटाचे कातडे एका बाजूने उन्हाने आकसलेले होते.

तिने एकेक वस्तू जमिनीवर चादरीवर मांडली. ज्येष्ठ नागरिकाचे ओळखपत्र, रेल्वेचा जुना पास, ग्रंथसंग्रहालयाचे कार्ड. आईचा एक लहान फोटो, मागे निळ्या शाईत तारीख. मग तिने ओळखपत्र दिव्याखाली धरले आणि आजोबांचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले. जन्म १९४६. नोटा मोजल्या. ‘तीनशे चाळीस रुपये,’ ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा मोजल्या.